अम्माला बसलं की बरं वाटतं, चालली की पाय भरून येतात. मणक्याची नळी अरुंद झालीय म्हणे. कुणाला अनुभव आहे का?

पूर्वभागातली_लेक
नमस्कार सगळ्यांना. इथं वर्षभर नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, जरा लांबेल.

आम्ही अशोक चौकाच्या मागं राहतो. अम्मा ६७ वर्षांची, उभी हयात विड्या वळण्यात गेली. दर कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर पायी जायची, मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय, ४५ एक किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी परत सूप घेऊन बसायची. चार वर्षांपूर्वी शेवटची गेली. तेव्हा आल्यावर एक वाक्य बोलली होती की देवळाच्या पायऱ्या उतरताना पाय माझे नव्हतेच गं, चढताना मात्र काही झालं नाही. आम्ही म्हटलं रात्रभर चाललीय, थकली असेल.

आता घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पण जाता येत नाही. मी मोजलंय, साधारण १५० पावलं. मग मांड्या, पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, पाय शिशाचे झाले म्हणते, आणि कुणाच्याही ओट्यावर बसते. पाच मिनिटं बसली की एकदम ठीक. परत १५० पावलं, परत तेच. आधी गुडघे म्हणून दीड वर्ष उपचार झाले, मग शुगर आहे म्हणून शुगरनं नसा खराब झाल्यात म्हणून गोळ्या चालू झाल्या. ज्या ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांनी टेबलावर झोपवून तपासलं, पाय उचलून बघितला, सगळं नॉर्मल.

आणि आमच्या घरात काय झालं ते पण सांगते कारण ते मला आत खातंय. अम्मा तीन तीन तास वाकून विड्या वळते, काही दुखत नाही. मागच्या दिवाळीत मार्टमध्ये गेलो तर ट्रॉली धरून अख्खं मार्ट फिरली, आणि बाहेर रिक्षापर्यंत चालवेना. दादा म्हणाला खरेदीला पाय चालतात, मग आताच काय झालं. मी काही बोलले नाही पण मनात मलाही तसंच वाटलं. तिनं ते ऐकलं. त्यानंतर तिनं दुखतंय म्हणून सांगायचंच बंद केलं, नुसती बाहेर जायचं टाळायला लागली. आम्हाला वाटलं वय झालं.

गेल्या महिन्यात एमआरआय झाला. एल४-एल५ ला (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस, म्हणजे नळी फार अरुंद, ८ मिलिमीटर, एल३-एल४ ला मॉडरेट, लिगामेंट जाड झालंय, सांधे वाढलेत असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन, नाहीतर लुळी पडेल. दुसरे म्हणाले काही घाई नाही, व्यायाम करा. बीपी, शुगर दोन्ही आहे. काय करावं सुचत नाही. परवाच्या कोजागिरीला गल्लीतल्या बायका निघाल्या तेव्हा अम्मा दार लावून आत बसली.

जुळेसोलापूरकर
ट्रॉलीचं वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. माझी आत्या अशीच. आम्हीही हेच बोललो तिला. ताई तुम्ही मोजलंत, एमआरआयपर्यंत नेलंत, हे खूप आहे. जाणकार येतीलच, मी वाचतोय.

मागावरचा_पोरगा
ताई आमच्या अप्पांचं सांगतो. टॉवेलच्या कारखान्यात होते, ३५ वर्षं मागावर उभं. घरातनं एमआयडीसीपर्यंत सायकलवर जायचे, सायकलवर कायबी नाही, एकदम मस्त, आणि मागासमोर उभं राहिले की अर्ध्या तासात पाय भरून यायचे आणि बीमावर रेलून उभं राहायचे. मुकादम म्हणायचा सायकल मारताना दुखत नाही अन् कामावरच कसं दुखतंय ओ. अप्पांना पण सांगता यायचं नाही का असं होतंय ते. लई वर्षांनी एका डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, सायकल जमते का? अप्पा हो म्हणाले तर डॉक्टर हसले आणि म्हणाले मग तुमचं दुखणं मला कळलं. त्या दिवशी अप्पा घरी येऊन रडले बगा. आजार सापडला म्हणून नाही, कुणीतरी खरं मानलं म्हणून.

तर अम्माला आधी एकदा सांगा की तुझं खरं होतं. बाकीचं नंतर.

फिल्म_बघणारा
मी एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही, पण हे असं का होतं ते सांगू शकतो कारण रोज तेच बघतो.

कंबरेच्या मणक्यांतून जी नळी जाते ती पुढून मागं साधारण १५ ते २५ मिलिमीटर असते. १२ च्या खाली गेली की अरुंद म्हणतात, १० च्या खाली म्हणजे चांगलीच अरुंद. वयानुसार मणक्यांमधली गादी सुकते, बसते आणि मागं फुगते. (आपल्याकडं सगळे म्हणतात मणक्यात गॅप आलाय, खरं तर उलट असतं, गॅप कमी झालेला असतो.) गादी बसली की मागचं लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा) सैल पडून घडी पडल्यासारखं आत येतं आणि जाड होतं, बाजूचे छोटे सांधे वाढतात, म्हणजे नळीवर तिन्ही बाजूंनी अतिक्रमण. एल४-एल५ वर सगळ्यात जास्त दिसतं.

आता मुख्य गोष्ट. ताठ उभं राहिलं, मागं झुकलं की नळी अजून अरुंद होते. पुढं वाकलं की ते मागचं लिगामेंट ताणलं जातं आणि नळी मोकळी होते. सुताची लड मुठीत आवळून धरलीय असं समजा. चालताना नसांना रक्त जास्त लागतं आणि तेव्हाच मूठ आवळलेली असते, म्हणून भरून येतं. बसलं, वाकलं की मूठ सैल. म्हणून विड्या वळताना नाही, सायकलवर नाही, ट्रॉलीवर रेलून नाही. तुळजापूरच्या पायऱ्यांचं पण तेच, उतरताना माणूस मागं झुकतो, चढताना पुढं. तुमच्या अम्मानं चार वर्षांपूर्वी पूर्ण निदान एका वाक्यात सांगितलं होतं.

टेबलावर झोपवलं की सगळं नॉर्मल, हे पण जुनंच आहे. हॉलंडचे न्यूरोसर्जन हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या आजाराचं जे वर्णन केलं त्यातही हेच होतं, झोपवून तपासलं तर काही सापडत नाही, उभं राहिलं, चाललं की त्रास सुरू.

आणि उलटी गोष्ट पण लक्षात ठेवा. १९९० साली अमेरिकेत ज्यांना पाठीचा काहीच त्रास नाही अशा ६७ लोकांचे एमआरआय काढले होते, साठीच्या पुढच्यांपैकी २१ टक्के लोकांची नळी अरुंद निघाली. त्यामुळे रिपोर्टवर ८ मिलिमीटर बघून घाबरू नका. फिल्मवर निर्णय होत नाही, माणूस किती चालतो, पायात ताकद किती आहे यावर होतो.

पूर्वभागातली_लेक
तुम्ही लिहिलेलं मी अम्माला वाचून दाखवलं, थोडं तेलुगूत सांगून. सुताची लड लगेच कळली तिला. दोनदा विचारलं, मग तुला मी खोटं बोलत होते असं वाटलं होतं ना? मी हो म्हणाले. पुढं काही बोलली नाही, पण चहा माझ्यासोबत घेतला.

एक विचारायचं होतं, ते लुळं पडण्याचं कितपत खरं? दादा फार घाबरलाय.

पाठराखीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, विजापूर रोडला. तपासल्याशिवाय सांगते आहे हे लक्षात घेऊन वाचा, आणि सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी दादाची भीती. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. अम्माची जागा एल४-एल५, म्हणजे मज्जारज्जू दबत नाहीये, नसा दबतायत. कंबरेच्या स्टेनोसिसमध्ये बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं आहे तसंच राहतं, काहींचं सुधारतं, काहींचं हळूहळू वाढतं. एका सकाळी अचानक लुळं पडणं क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नाही, म्हणून हे पाठ करून ठेवा: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांचा आतला भाग बधिर झाला, किंवा पंजा उचलता येईना, चप्पल पायातून निसटायला लागली. यातलं काहीही नव्यानं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.

हे काही नसेल तर व्यायामाला प्रामाणिकपणे तीन महिने द्यायला हरकत नसते, मी तरी तसंच सांगते.

पाठीवर झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडं घ्यायचा, २० ते ३० सेकंद, मग दुसरा, जमलं तर दोन्ही एकत्र. पाच पाच वेळा, सकाळ संध्याकाळ. मग गुडघे दुमडून, पोट आत घेऊन कंबरेची पोकळी गादीला टेकवायची, पाच सेकंद धरायचं, सोडायचं, हे दहा वेळा. खाली वाकता येत नसेल तर खुर्चीवर बसून हळूच पुढं झुकून हात पावलांकडं. एकच काळजी, हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याला आधी फ्रॅक्चर झालं असेल तर पुढं वाकायचे व्यायाम विचारल्याशिवाय नकोत, ६७ च्या बाईची हाडांची तपासणी करून घेतलेली बरी.

आणि स्टँडवरची सायकल. हे औषधापेक्षा मोठं आहे. जी बाई १५० पावलं चालू शकत नाही ती १५ मिनिटं पेडल मारू शकते, कारण वाकून बसलीय. हृदय, पाय, शुगर, वजन सगळ्याला उपयोग. चालणं सोडायचं नाही, तुकडे करायचे. १५० पावलांवर दुखतं ना, मग १०० वर बसायचं, दुखायच्या आधी. दोन मिनिटं बसून परत १००. दिवसाची बेरीज वाढवायची. चाकांचा वॉकर मिळतो, ज्याला बसायला सीट असते, तो तुमच्या मार्टच्या ट्रॉलीचंच काम करतो. बायका लाजतात, म्हातारपण दिसतं म्हणतात. त्यांना म्हणावं घरात बसून राहण्यापेक्षा वॉकर घेऊन कंबर तलावाला एक चक्कर बरी.

घरात: ओट्यापाशी उभं राहताना एका पायाखाली पाट ठेवा, आलटून पालटून. भाकरी बसून थापायची. जळमटं काढणं, उंच दोरीवर कपडे टाकणं, वरच्या फळीवरचे डबे काढणं, हे सगळं मागं झुकवतं, ते दुसऱ्यानं करायचं. झोपताना कुशीवर, गुडघ्यात उशी. कमरेचा पट्टा प्रवासात वगैरे ठीक, दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळशी होतात.

पार्कावरचा_योगवर्ग
ताई मला १२ वर्षांपूर्वी कंबरदुखी होती, डॉक्टरांनी गादी सरकलीय सांगितलं होतं, भुजंगासन आणि शलभासन करून मी पूर्ण बरा झालो. आईंना रोज सकाळी भुजंगासन करायला लावा, पाठ ताठ झाली की सगळं सुटतं.

पाठराखीण
दादा, तुम्ही बरे झालात ते खरंच असणार. काही जणांची गादी सरकलेली असते तेव्हा मागं झुकायच्या व्यायामानं फरक पडतो. पण इथं दुखणं उलटं आहे, अम्माची नळी मागं झुकलं की आवळते. भुजंगासन, धनुरासन, चक्रासन, शलभासन तिला नको. पवनमुक्तासन चालेल, गुडघे साथ देत असतील तर बालासन चालेल. कंबरदुखी हा एक शब्द आहे, आजार दहा आहेत.

पार्कावरचा_योगवर्ग
हे मला माहीत नव्हतं. आमच्या वर्गात सत्तरीचे तीन जण आहेत, चालताना मधे मधे बसतात. उद्याच त्यांना विचारतो पुढं वाकल्यावर बरं वाटतं का ते. धन्यवाद.

होटगीरोड
धोक्याच्या लक्षणांचं वर लिहिलंय त्यावर माझ्याकडून. माझे मेव्हणे, ५९ वय. चप्पल निसटत होती, आम्ही म्हटलं चप्पल जुनी झाली असेल, नवी घेतली. तीपण निसटली. मग कुणीतरी सांगितलं एका गावात मणका बसवून देणारा आहे, तिथं नेलं, पाठीवर पाय देऊन झटका दिला. दोन दिवसांनी लघवी अडली. मग धावपळ, रात्रीत ऑपरेशन. लघवीचं सुधारलं पण डावा पंजा अजूनही पूर्ण उचलत नाही, बुटात प्लास्टिकची पट्टी घालून चालतात. डॉक्टर म्हणाले चप्पल निसटली त्या दिवशी यायला हवं होतं. मी त्या दिवशी त्यांच्यासोबत चपलांच्या दुकानात होतो. म्हणून हात जोडून सांगतोय, झटका देणाऱ्याकडं नेऊ नका.

कंबरतलाव_पहाटे५
आणखी एक बघून घ्या, पायाच्या रक्तवाहिन्या. माझ्या मोठ्या भावाला चालताना पोटऱ्या दुखायच्या, आम्ही मणका मणका करत बसलो आणि निघालं रक्तवाहिन्या चोंदल्यात, विडी ओढायचे आणि शुगर. फरक असा की रक्ताचा त्रास असेल तर नुसतं उभं राहिलं तरी दुखणं थांबतं, मणक्याचा असेल तर बसावं किंवा वाकावं लागतं. आणि रक्तवाहिन्यांचा असेल तर सायकलवर पण दुखतं. डॉक्टर पावलावर नाडी बघतात, लागलं तर घोट्याचं आणि हाताचं बीपी तुलना करून बघतात, डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करतात. शुगरवाल्यांना दोन्ही एकत्र असू शकतं.

नव्वीपेठ
आणि मान राहिली. मानेची नळी अरुंद झाली तर गोष्ट एकदम वेगळी, तिथं खरोखर मज्जारज्जू दबतो. माझ्या काकांना दुखत काहीच नव्हतं. शर्टाची बटणं लागेनात, भात कालवताना बोटं वळेनात, चालताना भिंत धरायला लागले, आम्ही वय समजलो. अशी लक्षणं असतील तर थांबून बघायचं नाही, कारण गेलेलं बरंचसं परत येत नाही, ऑपरेशन करतात ते पुढचं थांबवायला. मानेला मालिश, कटकट मोडणं अजिबात नको.

पुण्यातला_सोलापूरकर
ऑपरेशनचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचं झालंय, तेव्हा ७१ वर्षांचे होते. एल३ ते एल५, मागचं हाड आणि जाड लिगामेंट काढून नळी मोकळी केली, स्क्रू घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी चालवलं. पायाचं भरून येणं जवळपास गेलं, आता सकाळी अर्धा तास सलग चालतात. कंबर मात्र अजूनही दुखते, ते आधीच सांगितलं होतं की हे ऑपरेशन पायासाठी आहे, कंबरेसाठी नाही. तळव्यांचा बधिरपणा थोडा राहिलाय. ताई, ही अपेक्षा आधी स्पष्ट करून घ्या, कारण आमच्या ओळखीत एकांचं ऑपरेशन चांगलं होऊनही ते नाराज आहेत, त्यांना वाटलं होतं कंबर पण थांबेल.

त्या काळात मी बरंच वाचलं. २०१५ साली अमेरिकेत ऑपरेशनला तयार असलेल्या लोकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला ऑपरेशन, एकाला फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले. पण खरं सांगायचं तर फिजिओच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं. मला त्यातून एवढंच कळलं की आधी व्यायाम करून बघण्यात नुकसान नाही, आणि नाही जमलं म्हणून ऑपरेशन केलं तर तो पराभव नाही.

पाठीत इंजेक्शन देतात, तेही विचारतील. २०१४ मध्ये ४०० रुग्णांवर बघितलं होतं, स्टेरॉइड घातलेलं आणि नुसतं भूल देणाऱ्या औषधाचं, सहा आठवड्यांनी दोन्हींत सांगण्यासारखा फरक नव्हता. काहींना थोडे दिवस आराम पडतो, पण शुगर काही दिवस चांगलीच वाढते, अम्माला शुगर आहे म्हणून आधी बोलून घ्या.

स्क्रू घालून मणके जोडायचे का हा वेगळा प्रश्न. २०१६ मध्ये स्वीडनमध्ये बघितलं, नुसती नळी मोकळी केलेले आणि वर मणके जोडलेले, दोन वर्षांनी सारखेच. मणका सरकत असेल, हलत असेल तर सर्जन जोडायचा विचार करतात. म्हणून उभं राहून, पुढं वाकून, मागं झुकून असे एक्सरे काढलेत का ते विचारा. आणि थेट विचारा, स्क्रू कशासाठी? चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही, आमचे तर कागदावर चित्र काढून बसले. ऑपरेशन आहे म्हटल्यावर धोके पण आहेत, नसांवरचं आवरण फाटणं, इन्फेक्शन, काहींना पुन्हा करावं लागणं. तीन महिन्यांची सरासरी शुगर आटोक्यात आणल्याशिवाय घाई करू नका, वर लिहिलेली लक्षणं असतील तर अर्थात वेगळं.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात बसतात. कुठलं ऑपरेशन बसतं ते तोच नीट सांगेल.

मेडिकलवाली
औषधांबद्दल दोन शब्द, दुकानात रोज बघते म्हणून. पेनकिलर स्वतःच्या मनानं महिनोन् महिने घेऊ नका, बीपी आणि शुगरवाल्यांची किडनी त्यात जाते. नसांच्या गोळ्या देतात, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, त्यानं गुंगी येते, म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठताना पडतात. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून डोस बदला, एकदम बंद करू नका. आणि शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासा, कमी होतं, आणि त्यानंही पाय बधिर होतात.

पूर्वभागातली_लेक
सगळ्यांचे किती आभार मानू. प्रिंट काढून घेतलीय. परवा जाऊन येते, मग सांगते.

पूर्वभागातली_लेक
सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी आहे, उशीर झाला लिहायला, तीन महिन्यांचं एकदम सांगते.

तिसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अम्माला आधी बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवलं, स्वतः सोबत चालले, आणि ती थांबली तिथं थांबले. पावलांची नाडी बघितली, ती चांगली आहे. पंजे, अंगठे, टाचा, ताकद व्यवस्थित. वाकून, झुकून एक्सरे काढले, मणका हलत नाही. बी१२ मात्र फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. रात्रीच्या गोळीनं तिला चक्कर यायची, ती त्यांनी निम्मी केली. म्हणाले ऑपरेशन केलं तर चुकणार नाही, थांबलात तरी चुकणार नाही, तिला काय करता येत नाही आणि त्याचं तिला किती वाईट वाटतं हे ती सांगेल. अम्माला विचारलं. अम्मा म्हणाली आत्ता नको, सायकल करून बघते.

सेकंडहँड सायकल आणली, पुढच्या खोलीत टीव्हीसमोर आहे. पाच मिनिटांपासून सुरू केलं, आता वीस. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता, मला वाटलं नाही होणार. पाचव्या आठवड्यात किराणा दुकान न थांबता गाठलं. आता साधारण ४०० पावलं होतात. वाईट दिवसही असतात, थंडीत एक आठवडा परत १५० वर आली होती, तेव्हा फार रडली. मुंग्या रात्री अजून येतात. वॉकर आधी नको म्हणाली, मग कंबर तलावाला तिच्या वयाच्या दुसऱ्या एक बाई घेऊन फिरताना दिसल्या तेव्हा घेतला. उन्हाळ्यानंतर परत दाखवायचंय, तोवर पायाची ताकद कमी वाटली तर लगेच.

दादानं तिच्याशी काय बोलणं केलं मला माहीत नाही, मी घरात नव्हते. पण त्यानं लोखंडी घडीचं स्टूल आणलंय, ते कायम त्याच्या गाडीच्या पुढच्या जागेत असतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला पंचकट्ट्याजवळ नेलं तिला. गर्दीत स्टूल टाकून बसवलं. नंदीध्वज आला की उठायची, दादाच्या खांद्यावर रेलून हात जोडायची, गेला की बसायची. सात नंदीध्वज, सातही वेळा.

@पाठराखीण, तिनं एक विचारायला सांगितलंय. कोजागिरीला नऊ महिने आहेत. तुळजापूरपर्यंत गाडीनं जाऊन शेवटचा एक किलोमीटर वॉकर घेऊन, बसत बसत, चालला तर चालेल का?

पाठराखीण
चालेल. पावसाळ्यानंतर एकदा मला दाखवा, तेव्हा किती टप्पे करायचे ते ठरवू. आणि पायऱ्या उतरताना वॉकर तुम्ही घ्या, तिला कठडा धरू दे, अंग आडवं करून एकेक पायरी, मधे दोनदा स्टूल. वर येताना तिला धरायची गरज नाही, फक्त मागं राहा.